मौजे लिंडेनफुर्ट

"बाबा, काय काढून राहिले?" उत्पला विचारते स्क्रीनवरून.
तुझ्या गावाची मोजणी, मी म्हणतो.
साखळी नाही, शंकू नाही, झेंडी धरायला माणूस नाही.
तिने पाठवलेला नगरपालिकेचा घडीचा नकाशा
आणि चौतीस वर्षं भूमी अभिलेखात घासलेली पट्टी.
इंदोऱ्यात दुपार. कूलर पाणी उडवतो कागदावर.

लोकसंख्या चार हजार एकशे बारा.
उत्पला धरून तेरा.
पूर्वेस बीचचं जंगल, वाघ नसलेलं.
दक्षिणेस द्राक्षांची टेकडी.
पश्चिमेस रूळ, दिवसातून सात गाड्या.
उत्तरेस लोरा नदी.
फुर्ट म्हणजे उतार, पायी पाणी ओलांडायची जागा.
आधी माणसं ओलांडत, मग मिठाच्या गाड्या,
मग कोणीतरी जकातीला बसला,
त्याला भूक लागली म्हणून भटारखाना,
आणि मग गाव.
पटलं. गावं अशीच होतात.

आता फेरफार.
सोळाशे चौतीस : गाव जळालं. शिल्लक चुली एकोणीस.
एकोणीसशे सतरा : चर्चची मोठी घंटा उतरवली, तोफेसाठी.
पंचेचाळीसचा एप्रिल : पूल पडला.
पळताना आपल्याच फौजेनं उडवला.
सेहेचाळीस : पूर्वेकडून हाकललेले लोक, गाठोड्यांसकट.
गावानं नाकं मुरडली, खोल्या दिल्या.
(पेन्सिल थांबली. जरीपटक्याची पहिली मोजणी
माझ्या साहेबांच्या साहेबांनी केली होती.)

त्याच गाठोड्यांतली एक हेर्टा.
आता नव्वदीची. उत्पला तिचे केस विंचरते,
गोळ्या मोजून देते.
हेर्टा अजून म्हणते, मी इथली नाही.

एक गल्ली आहे, यहुद्यांची गल्ली.
नकाशात नाव आहे, कब्जेदार एकही नाही.
फरशीत पितळेचे चौकोन बसवलेत, तळहाताएवढे,
नाव, जन्मसाल, नेल्याची तारीख.
उत्पला तिथून चालताना पाय जपून टाकते.
वेशीच्या कुठल्या बाजूला कोण राहायचं,
हे नकाशात शोधायला
मला कुठल्या साहेबानं शिकवलं नाही.
नोंदीत "कारण" नावाचा रकाना असतो.
बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसलो.

अंतर लिहायचं राहिलं.
झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद आहे, जबलपूर आहे, चांदा आहे.
खांबाला बाजू सहाच.

"हेर्टा विचारते, तुमचं गाव कोणत्या नदीवर?
काय सांगू?"
नाग म्हण.
आम्ही तिला नालाच म्हणायचो.
तेवीस सालच्या सप्टेंबरात
रात्री लोकांच्या घरात शिरली, फ्रीज तरंगले,
तेव्हापासून नदी म्हणतो, काही दिवस.
"आणि उतार? उतार कुठे आहे तिला?"

असेल.
बघून सांगतो, म्हटलं.
उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत,
काठाकाठानं जाऊन.