मोजे

कोट आता दोघांना पुरेल इतका सैल झालाय.
आजोबा त्यात कुठेतरी एका अंगाला उभे.
मी बटणं लावते, ते छताकडे बघत राहतात,
न्हाव्यापुढे बसवलेल्या पोरासारखे.
"रिबिनी उलट्या लावल्यास," म्हणतात.
खरंच उलट्या असतात.

अदिस अबाबाच्या आमच्या गल्लीत
पोरं त्यांना 'कोरिया' म्हणूनच हाक मारतात.
तेशाले वोर्दोफा हे नाव
फक्त पेन्शनच्या खिडकीला ठाऊक,
तिथंही एक अक्षर जास्तीचं पडलेलं.

सभागृहात पंखे, फुलं, पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्या.
गेल्या वर्षी बाराजण होते, यंदा पाच.
भाषणात 'शौर्य' चौदा वेळा आलं.
आजोबा मोजत होते. ते सगळंच मोजतात:
संडासापर्यंतची पावलं, इंजेरावरची भोकं,
आईनं तिसऱ्या कॉफीत वाढवलेलं पाणी.

टेकडीवरून खाली किती पावलं, तेही सांगतात.
दोन हजार तीनशे सहा.
पाठीवर मेकुरिया होता.

बर्फ आम्ही पाहिलाच नव्हता गं,
वाटलं, कुणी टेफचं पीठ सांडलंय.
मेकुरियानं चिमूट घेतली, जिभेवर ठेवली,
म्हणाला, दळण चांगलं आहे, चव नाही.
त्याचे पाय भिजलेले. माझ्याकडं एकच कोरडा जोड.
दिला. उसना.

इथं ते थांबतात. नेहमी इथंच थांबतात.

माणूस खाली आणला. मागं कुणालाच ठेवलं नाही आम्ही.
पण तशा वेळी मोज्यांचं
तोंडातून कसं काढायचं?

पदक लावायला वकिलातीची मुलगी गुडघ्यावर बसली.
युन-सोल. माझ्याच वयाची असेल.
आजोबांनी दुभाष्याकरवी विचारलं,
"काय म्हणतेय आमची टेकडी?"
ती अडखळली. तिथं कुणी जात नाही, म्हणाली,
तारांच्या आत आहे, सुरुंग अजून जिवंत आहेत.
माणूस फिरकत नाही म्हणून थंडीत क्रौंच उतरतात.
"एका पायावर उभे राहतात ते?"
"हो, आजोबा."
"दुसरा ऊबेला धरत असतील,"
एवढंच बोलले, आणि टाळ्या सुरू झाल्या.

भेटीच्या पिशवीत जिनसेंगचा चहा, एक छत्री,
कुठल्याशा बँकेचं नाव विणलेले
लोकरी मोजे. दोन जोड.

घरी आल्यावर पदक त्यांनी साखरेच्या डब्यात टाकलं.
आईनं ते काढलं, पुसलं, भिंतीवर टांगलं.
तोवर हे पलंगाच्या कडेला.
एक पाय. मग बराच वेळ. मग दुसरा.
बोटं आत हलवून पाहिली.

"फेडले बेट्यानं," म्हणाले,
"आणि व्याजासकट."

व्याजाचा जोड मला दिला.
माझ्या पायाला तो फार मोठा होतो.