वीतभर कमी

गेल्या वर्षी पन्हळीवर निळी जाळी बसवली होती,
फणसाची पाने अडावीत,
साळुंक्यांनी वळचणीला संसार थाटू नये म्हणून.

यंदा शिरोड्याहून इनास आला, शिडी खांद्यावर.
आधी पाने काढली. तीन घमेली,
काळी, चहाच्या चोथ्यासारखी.
मग एक चमचा निघाला. आमचाच.
मग बराच वेळ वरून आवाज नाही.

"बाय, जाळी कुठे गेली विचारत होतीस ना?"

वाशाच्या टोकाशी घरटे.
काड्या, सोडणाचा काथ्या, पदेराच्या पिशवीचा कागद,
आणि आरपार ओवलेला
तो निळा धागा, मीटरला साठ रुपयांचा.
आत चार अंडी. तीही निळीच,
पण आमच्या निळ्याला जमू नये अशी.

नवी जाळी स्टीलची, फोंड्याहून मोजून आणलेली.
इनासने ती कोपऱ्यापाशी कापली,
टोके आत वळवली, कुणाला टोचू नयेत अशी,
आणि उतरून खिशात बिडी चाचपत म्हणाला,
इथले पाणी पायरीवर पडणार. पडू दे.
जुलैपर्यंत बालदी ठेव.

बिलात लिहिले: अकरा मीटर, वीतभर कमी.
मी अकराचेच पैसे दिले.
वरून शीळ आली.
शिवी असावी.