बारदान

रोहिणी, तुझा निरोप मिळाला.
नीटमध्ये गुण कमी पडले आणि काका विचारतायत
हे फिजिशियन असिस्टंट म्हणजे काय,
नर्स की डॉक्टर?

दोन्ही नाही गं.
आणि रात्री अडीचला थोडं थोडं दोन्ही.

बायपासच्या दिवशी सर छाती उघडतात.
मी खाली, पायाशी.
घोट्यापासून वर गेलेली एक शीर
सोडवून घ्यायची, तिच्या बारीक फांद्या
एकेक बांधत, कुठंही न फाटता.
ती वर जाते, हृदयावर बसते,
माणूस पुढची वर्षं तिच्यावर चालतो.
छातीवरचा व्रण सरांचा,
पायावरचा माझा.
घरी जाताना पेशंट सरांच्या पाया पडतो.
मी त्याच्या पायाकडं बघते,
टाके धरलेत काय.

पगार विचारलास.
उद्यमबागेत फौंड्रीवर तुझा भाऊ घेतो
त्याहून पहिली दोन वर्षं कमीच.
फीसाठी सोसायटीची दोन कर्जं काढली,
दुसरं अजून फिटतंय.
स्थळं येतात, विचारतात, पुढं डॉक्टर होणार काय?
नाही म्हटलं की पोहे निवतात.
आई आतून खुणावते, हो म्हण की.

आमचे सर मंगळूरचे.
गोकाकची बसलिंगव्वा म्हणाली, एदी ब्यानी.
सरांच्या कानडीत ब्यानी नाही.
मी कानडीचं कानडी करून दिलं.
मागून जांबोटीचे एक आजोबा,
कळ नाही हो, नुसतं भरून येतंय.
सर मला विचारतात, दुःख की हृदय?
मी म्हटलं, ईसीजी काढू या.

बाहेर पाट्यांवरनं भांडण,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
आत चार नंबरच्या खाटेवर
दुखणं येईल त्या भाषेत येतं.
माझं नाव कुठल्याच पाटीवर नाही,
कानडीतही नाही, मराठीतही नाही.

मागच्या साली मस्कतहून पत्र आलं. तिप्पट पगार.
त्याच आठवड्यात निपाणीचे दस्तगीरचाचा होते,
तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं तोलाईदार.
तिसऱ्या रात्री त्यांना झोप नव्हती, मला उसंत होती.
सगळं सांगितलं त्यांना, का कुणास ठाऊक.
ते म्हणाले, पोरी, बोद काट्यावर चढला
की गिऱ्हाईक बोद बघतं.
तोलाईदारानं आधी बारदान वजा करायचं.
उरतो तो माल.

मग मी वजा करत बसले.
पाटी. पोहे. एकाच तासात
सिस्टर, मॅडम, डॉक्टर, ए बाई.
उरली एक वीतभर शीर,
ओली, राखाडी, अखंड.

पण तुला खोटं सांगायचं नाही.
सगळंच बारदान नसतं.
एका रात्री सात नंबरचा दाब उतरत होता,
छातीत रक्त साचतंय हे मला दिसत होतं.
वरच्या डॉक्टरांचा फोन वाजत राहिला.
मला कळलं होतं. करायचा अधिकार नव्हता.
अकरा मिनिटं.
तो माणूस वाचला, बैलहोंगलला दुकान चालवतो.
ती अकरा मिनिटं माझ्याकडंच राहिली.
ती कशात धरायची
हे विचारायचं होतं चाचांना,
पण सकाळी त्यांना सुट्टी मिळाली.

रविवारी ये. खानापूरहून पहिली बस धर,
मी आठला सुटते.
हात बघायचेत तुझे, थरथरतात काय.
येताना चार केळी आण, जरा पिकलेली.
साल न फाटता टाका पडला
तर पुढचं बोलू.
नाही पडला तर केळी खाऊ.

आणि मस्कतचं पत्र?
कपाटात आहे.
फाडलेलं नाही.