धन म्हणजे पैसा नाही

"सर, धन म्हणजे पैसा ना?" नाझनीन तांबोळीनं विचारलं,
बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर, बारावीच्या शिकवणीत.
मी म्हटलं, सहसंबंधात धन म्हणजे अधिक.
एक वाढलं की दुसरंही वाढतं, बहुतेक वेळा.
बहुतेक वेळा, हे अधोरेखित कर.

तिच्या अब्बांची रसवंती मार्केट यार्डाच्या गेटाशी.
महिनाभर वहीत मांडून आणलं तिनं:
पारा किती, ग्लास किती.
चाळीस अंशाला तीनशे बारा ग्लास.
आलेखावर ठिपके चढत गेले,
पर्वतीवर शाळेची सहल चढते तसे,
रांगेत नाही, पण वरच.

"म्हणजे उकाड्यानं रस खपतो."
खपतो. पण जपून.
रसाचे ग्लास वाढतात तेव्हा
धायरीत पाण्याचे टँकरही वाढतात.
रस पिऊन कुणी धरण आटवलेलं नाही.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला:
म्हाताऱ्यांनी कधीच सांगून ठेवलंय,
आम्ही त्याला सूत्र लावलं
आणि पाच मार्कांना घातलं.

मागच्या बाकावरून शार्दूल पायगुडे, जो कधी बोलत नाही:
"आणि दोन्ही कमीच होत गेलं तर? ते ऋण?"
नाही रे. एकाबरोबर दुसरं उतरलं
तर तेही धनच.
खडू थोडा वेळ हातातच राहिला.

रविवारी तळजाईला जातो आम्ही, मी आणि हेमलता.
आधी अख्खी फेरी व्हायची, मग अर्धी,
यंदा तिसऱ्या बाकापर्यंत.
तिचा गुडघा आधी की माझा दम, ठाऊक नाही.
ती थांबली की मी बुटाची नाडी बांधतो.
मी थांबलो की तिला मोर दिसतो,
नसला तरी.

लेकीनं दोघांना घड्याळं पाठवलीत, पावलं मोजणारी.
परवा बसून मांडलंच,
वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर:
आडव्या अक्षावर तिची, उभ्यावर माझी.
जानेवारीपासून ठिपके
खालच्या कोपऱ्याकडे घसरत होते,
पण एकमेकांना धरून.
गुणक आला शून्य पूर्णांक एक्याऐंशी.

तिनं चष्मा लावला, आकडा वाचला,
दुधावर झाकण ठेवलं आणि म्हणाली,
"आणि उरलेल्या एकोणिसात कुठे असता हो?"

असं वजा करत नाहीत, हे मी वर्गात सांगतो.
घरी नाही सांगितलं.