दर्शनी हुंडी

खिडकी क्रमांक चार. इथं मी बसतो.
लोखंडाचा भाव इथं कुणी विचारत नाही,
लोखंड तिथंही आहे, पाणीही, गोठलेलं का होईना.
एक जहाज गेलं होतं माल घेऊन. ते अजून वाटेत आहे.
विमा उतरवणारी कंपनी मात्र कधीच बुडाली.

म्हणून एरिडानीला आता फक्त अक्षरं जातात, प्रकाशावर बसून.
दर्शनी हुंडी: दिसली की वटवायची.
पण दिसायला साडेपाच वर्षं,
वटली हे कळायला आणखी साडेपाच.
मधलं व्याज कुणाच्या घड्याळानं मोजायचं, यावर
तार्मो साहेबांची तीन परिपत्रकं आहेत.
तिन्ही एकमेकांना खोडतात.

ओइहाना आली ती पीठ लागलेल्या हातांनी.
तिच्या खमिराची अख्खी कुंडली पाठवायची होती.
नियमाप्रमाणे विचारलं,
अर्धी आता, अर्धी पैसे आल्यावर?
म्हणाली, अर्ध्या खमिरानं काय फुगतं?
रांगेत कुणीतरी हसलं.
एकदा कळलेलं कुणाला परत करता येत नाही, बाई,
आणि जप्तीचा बेलीफ पोचेपर्यंत
त्याच्याच नातवंडांना पेन्शन लागेल.
मी लिहिलं: येणे, चारशे मात्रा.
तारणाच्या रकान्यावर तिनं बोट टेकवलं.
पिठाचा ठसा अजून आहे.

हिशेबानं अकरा वर्षं. लागली चौदा.
त्यातली तीन ती बुडीत खात्यात होती.
माझं लग्न झालं, मोडलं.
मात्रा रद्द झाल्या, घटका आल्या,
एक घटका म्हणजे एका माणसाची तासाभराची हवा.

मग रात्रपाळीत उत्तर आलं,
कुणा गुलनोराचं. पैशाचं अक्षर नाही.

‘तुमचं खमीर इथं फुगलं नाही.
आमच्याकडे सगळंच जास्त जड.
दोन वर्षं दगड चावले, तुम्हाला शिव्या दिल्या.
मग सासूबाईंनी सातवी कडी बदलली.
आता नान तंदूरच्या भिंतीला धरून राहतं.
बदललेलं सोबत जोडलंय.
फिटलं का?’

फिटलं का.
माझ्या वहीला दोनच बाजू.
ही जमा? परत आलेला माल?
की आपणच आता देणेकरी?

ओइहानाला बोलावलं. केस पांढरे, हात तसेच.
तिनं वाचलं. पुन्हा वाचलं, ‘शिव्या’पाशी हसली.
तीन दिवसांनी परत आली, म्हणाली,
येणे बाकी ठेव.
आणि सातव्या कडीचं देणे?
तेही ठेव.
पण बाई, वजावट करून खातं बंद...
बंद केलंस, तर ती परत कशाला लिहील?

कापडात गुंडाळलेलं काहीतरी तिनं खिडकीत सरकवलं.
खिडकीवर वस्तू घेण्यास सक्त मनाई आहे.
मी रीतसर नोंद केली:
नमुना एक, गरम, दोनशे ग्रॅम.

सकाळी तार्मो साहेबांनी तपासला,
तेव्हा ऐंशी भरला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे,
आणि स्वतःच लिहिलं: साठ.