पोटात पाचच मावतात

वडगावात दिवसभर यंत्रमाग खटखटायचे,
त्यातूनही ती किंकाळी गल्लीच्या टोकाला ऐकू जायची.
मष्णूच्या मामानं मस्कतहून आणलेली काळी पेटी,
खोडरबरासारखी मऊ बटणं.
टेपरेकॉर्डर मात्र इथलाच, तोवर फक्त भजनं ऐकलेला.

आधी किंकाळी, मग नुसती किर्र,
आणि टीव्हीच्या कडेनं पट्ट्या पळत सुटायच्या
शहापुरी काठासारख्या.
करड्या-पांढऱ्याच, पण मष्णू म्हणायचा
खरं तर त्या लाल-निळ्या आहेत.
आम्ही मानायचो.
पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. हललं की लोड होत नाही.
आतून मामी: "कोंबडं कापूलालासा काय रे?"

मग तो ग्रह. चार रेघांचे डोंगर.
खाली हिंडणारी जनावरं, तीन पायांची,
एक तर नुसता डोळा आणि शेपूट.
वरून शिकारी येतात, त्यांना उडवायचं.
जनावरांना धक्का न लावता खाली उतरायचं,
एकेकाला यानाच्या पोटात घ्यायचं.
पोटात पाचच मावतात.

पुस्तिकेत त्यांची नावं होती, इंग्रजीत. कोण वाचणार?
बसलिंगनं एकाला कप्पी म्हटलं,
मी एकाला बोक्या.
तिसऱ्यावरून आमची जुंपली, कुरी की मेंढरू,
कॉलर धरण्यापर्यंत गेलं,
तेव्हा धाकटी शेवंता म्हणाली,
"त्यालाच विचारा की."

तिचा नंबर आला की खेळ बिघडायचा.
गोळी मारायचीच नाही.
यान टेकवून बसून राहायची.
"थांबा, सहावं येऊलालंय."
"अगं, सहावं घेत नाही ते."
"सरकून बसतील."
शिकारी यायचे, यानाचे ठिपके व्हायचे,
मष्णू कपाळ बडवायचा.

एकदा मी पार शेवटच्या डोंगरापर्यंत पोचलो,
पोटात पाच, मोठ्या यानाचं दार उघडं,
बोटभर अंतर,
आणि लाईट गेली.
सगळे माग एकदम गप्प.
पडदा आक्रसत एक ठिपका झाला
आणि तेवढा जळत राहिला.
बसलिंगनं कन्नडात शिवी हासडली,
मला ती अख्खी कळली.

"आता ती कुठायत?" शेवंतानं विचारलं.
"कुठं नाहीत. परत लोड केलं की पहिल्यापासून."
"पहिल्यापासूनची वेगळी."
कुणी काही बोललं नाही.
तिनं खिशातले चुरमुरे काढले,
मोजून सहा, अंधाऱ्या काचेपुढं ठेवले.
रात्री आठाला लाईट आली तेव्हा चार होते.
मुंग्या, मष्णू म्हणाला.

पेटी पुढं कुणी नेली, आठवत नाही.
कॅसेटवर मामीनं गल्लीचं भजन भरलं,
पण टाळ सुरू व्हायच्या आधी
अजून क्षणभर ती किंकाळी येते.
टेप खराब झालीय, लोक म्हणतात.
शेवंता, तीन पोरांची आई,
तेवढ्यापुरती सतरंजीवर
जरा सरकून बसते.