टंच

पारावर सकाळी कुणी पावसाचं विचारत नाही.
विचारतात, "लंडन कितीवर बंद झालं?"
आणि चार बंड्यांच्या खिशांत चार फोन उजळतात.

विट्याच्या पुढं, फाट्यावरनं आत,
आमच्या गावात बंगल्यांना शहरांची नावं:
कोचीन निवास. मदुराई कृपा.
देवळाच्या कमानीवर सिलिगुडी मित्रमंडळ.
कुलपं मात्र सगळी एकाच दुकानातली,
यात्रेला चार दिवस निघणारी.

मी त्रिचूरची.
म्हणजे इथलीच, जन्मले तिथं,
वडिलांच्या भट्टीवरच्या माडीत,
तेजाबाचा वास माझ्या वह्यांनासुद्धा यायचा.
तिथं आम्ही सेट्टू. इथं आम्ही मद्राशी.
हौसाकाकी म्हणते,
"तुमची पोर बोलती का गाणं म्हणती, भावजी?"
माझा ळ जरा जास्तच खोल जातो,
तो सगळ्यांना पुन्हा एकदा ऐकायचा असतो.
मी म्हणून दाखवते. केळं. कावळा. आभाळ.
हसतात. मीही हसते, उशिरा.

सर्जेराव गोल्ड टेस्टिंग. अडतीस वर्षं.
कसोटीवर रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब सोडायचा,
डोळे बारीक करून सांगायचं: एक्याण्णव.
कधी साडेएक्याण्णव.
अर्ध्यावरनं कुणी भांडलं तर
त्याला चहा, आणि दुसरी रेघ.
मग समोर दुबईच्या कंपनीचं दुकान आलं,
काचेचं, थंडगार.
डबीत अंगठी ठेवा. पंधरा सेकंद.
९१.६४.
वडील एकदा गिऱ्हाईक होऊन जाऊन आले.
"बरोबर सांगतंय," म्हणाले.
तेवढंच.
त्या दिवाळीला आमची मूस थंड झाली.

यंदा यात्रेला काकीनं गोफ बाहेर काढला.
विट्यातल्या मशीननं ब्याऐंशी सांगितलेलं,
तेव्हापासून तिला झोप नव्हती.
सासूनं बावनकशी म्हणून घातलेला गळ्यात.
वडिलांनी ट्रंकेतून दगड काढला.
मी बॅटरी धरली.
अंगण गप्प. शेजारची शेळीसुद्धा.

"ब्याऐंशीच हाय, वैनी."

"म्हंजी फसवलं म्हणा की म्हातारीनं."

"फसवलं कशाला? ह्यो बघा डाग.
ह्यो दुसरा. तुटला तिथं जोडलाय.
चोख सोनं नुसतं सोन्याला धरत न्हाई,
मधी हीण लागतं.
मशीनला त्ये कसं दिसायचं,
त्ये सगळं एकत्रच मोजतं."

काकी नखानं डाग शोधू लागली.
हा किसन्यानं ओढलेला, अंगावर पीत असताना.
हा मळणीच्या पट्ट्यात. गळा वाचला तेव्हा.
तिसऱ्यावर अंगठा ठेवून ती थांबली,
आणि कुणीच विचारलं नाही.

मला वाटलं, आता वडील माझ्याकडं बघतील.
नाही बघितलं.
दगड टॉवेलनं पुसत बसले.
पुसला तरी उन्हात धरला की
अडतीस वर्षांचं दुसऱ्यांचं सोनं
त्यावर पिवळसर हलतं.

दुकानात आम्ही केर कधी टाकला नाही.
वर्षभर पिंपात साठायचा, पायपुसण्यासकट.
मग जाळून, धुऊन, गाळून
त्यातनं जे निघायचं ती माझी शाळेची फी.

आता काकी अंगण झाडते आहे.
सुपलीत शाळूचं भुसकट, पताकांचे तुकडे,
गुलाल, माझ्या केळ्याच्या चिप्सची पिशवी
गोल गोल मल्याळम अक्षरांची.

"टाकू नव्हं?" ती विचारते.

वडील सुपलीकडं बघतात.
खिशात फोन उजळतो, लंडन उघडलं असणार.
काकी उंबऱ्यापाशी, सुपली तिरकी धरून,
"अवो, टाकू का नगं?"